डोळ्यांतील चमक आणि देवाचा प्रकाश

वाचकहो, साधक मंडळी पुष्कळदा विचारतात, "नामस्मरणाला बसलो असता डोळ्यांपुढे उजेड चमकून गेला, तो कशाचा समजावा?" दुसरी काही माणसे भीतभीत विचारतात, "डोळ्यांपुढे काळे धागे फिरतात, क्षणभर अंधारून येते. हे कोणाला सांगावे, की वय झाले म्हणून सोडून द्यावे?" पहिला प्रश्न अध्यात्माचा वाटतो, दुसरा औषधाचा. परंतु हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, हे मला एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग सांगायचा म्हणजे माझीच चूक सांगायची आहे. पण जी चूक झाकली ती दुसऱ्याच्या कामाची राहत नाही, म्हणून सांगतो.

आमच्या श्रीरामपूर भागात सप्ताहाला तोटा नाही. असाच एक अखंड हरिनाम सप्ताह चालला होता. पहाटेच्या पहाऱ्याला आमचे नेहमीचे वीणेकरी उभे असत. त्यांना सगळे नाना म्हणतात. साठी उलटलेली, जन्म उसाच्या शेतात गेलेला, आणि लहानपणापासून डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. दुसऱ्या दिवशी काकड्यापूर्वी ते मला हळूच म्हणाले, "बुवा, उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकावी तसा उजेड दिसतो. डोळे मिटले तरी दिसतो." मी मोठ्या आनंदाने म्हणालो, "नाना, भाग्यवान आहात! माउलीची कृपा झाली. कोणापाशी बोलू नका, बोलले म्हणजे अनुभव जातो."

नाना गप्प बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्याच डोळ्यापुढं काजळी उडाल्यासारखं दिसतंय." मी म्हटले, "समईची असेल." पाचव्या दिवशी म्हणाले, "खालून काळा पडदा वर सरकतोय हो बुवा." तेव्हा मात्र माझ्या पोटात कालवले. मी दवाखान्याची गोष्ट काढली, तर नाना म्हणाले, "आता काल्यापर्यंत वीणा कशी सोडू?" मीही जोर केला नाही. काला झाला, दहीहंडी फुटली आणि मग मुलाने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, डोळ्याचा पडदा सुटला आहे. शस्त्रक्रिया झाली. आज त्या डोळ्याला उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळते, पण पोथीचे अक्षर त्या डोळ्याने लागत नाही. डॉक्टरांनी विचारले होते, "पहिल्याच दिवशी का आला नाहीत?" नानांनी माझ्याकडे पाहिले आणि खाली मान घातली. माझे नाव त्यांनी सांगितले नाही. ते न सांगणे मला अजून टोचते.

पुढे त्याच डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. बुबुळाच्या मागे डोळा एका स्वच्छ, पारदर्शक गराने भरलेला असतो. कोवळा ताडगोळा डोळ्यांपुढे आणा म्हणजे कल्पना येईल. त्याच्या पाठीशी, भिंतीला कागद चिकटवावा तसा एक पातळ पडदा असतो. बाहेरचे रूप त्यावर उमटते. वय वाढते तसा गर पातळ होतो, आकसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. सुटताना तो पडद्याला ओढतो. आता गंमत अशी की, पडद्याला उजेडाखेरीज दुसरी भाषाच येत नाही. हाताला चिमटा घेतला तर हात दुखतो, पडदा ओढला गेला तर तो दुखत नाही, 'उजेड, उजेड' असेच सांगतो. अंधारात, पहाटे, डोळे मिटले असता हा उजेड अधिक जाणवतो. म्हणजे नेमका आपल्या ध्यानाच्या वेळी!

बहुतेकांच्या बाबतीत गर निर्धोक सुटतो, चमक थांबते, चार धागे मागे राहतात आणि त्यांची सवय होते. पण दहांत एखाद-दुसऱ्याच्या पडद्याला त्या ओढीने चीर पडते. चिरेतून पाणी मागे शिरते, आणि ओल धरलेला कागद भिंतीपासून सुटावा तसा पडदा सुटत जातो. नुसती चीर असताना माणूस गेला तर लेसरच्या किरणाने तिच्या कडा चिकटवता येतात, बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. पडदा सुटल्यावर मोठी शस्त्रक्रिया लागते. आणि ज्या मध्यबिंदूने आपण अक्षर वाचतो तो एकदा सुटला, की पहिल्यासारखे वाचता येईल याची खात्री राहत नाही. जाड भिंगाचा चष्मा असलेल्यांना, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना ही भीती अधिक. नानांच्या नाकावरचा चष्मा मी तीस वर्षे पाहत होतो, पण त्याचा अर्थ मला कधी कळला नाही.

आमच्या गावाचीच एक गोष्ट पाहा. गाव श्रीरामपूर, पण रेल्वेच्या स्टेशनाला वर्षानुवर्षे नाव बेलापूरचे. नवखा माणूस पाटी वाचतो, 'आपले गाव हे नव्हे' असे म्हणून बसून राहतो आणि गाडी पुढे निघून जाते. शेजारच्या प्रवाशाला एक शब्द विचारला असता तर काम झाले असते. डोळ्याचेही तसेच आहे. दिसले ते खरेच दिसले, नाना खोटे बोलत नव्हते. पण दिसले त्यावर पाटी कोणती लावायची, हे एकट्याने ठरवू नये, विचारावे.

येथे कोणी म्हणेल, "बुवा, अनुभवाची अशी तपासणी करणे हा अविश्वास नव्हे काय?" याचे उत्तर आपल्या घरातच आहे. आमच्या शेजारच्या तालुक्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवर भाष्य केले. त्यातील अकरावा अध्याय विश्वरूपदर्शनाचा. प्रत्यक्ष भगवंताने दिव्य दृष्टी देऊन अर्जुनाला आपले रूप दाखविले. इतके तेज की त्याला उपमा नाही. मग अर्जुनाने काय केले? 'कृपा झाली, आता बोलू नये' असे म्हणून तो गप्प बसला काय? मुळीच नाही. जे जे दिसले ते ते त्याने भगवंताला सांगितले, भ्यालो हेही सांगितले, आणि समोरच्या उग्र रूपाला सरळ विचारले की तू आहेस तरी कोण? साक्षात देवाचे दर्शन असताना अर्जुनाने विचारले, आणि देव रागावला नाही, त्याने उत्तर दिले. मग आपण डोळ्याच्या कडेला चमकलेल्या ठिणगीविषयी विचारले तर देव रुसेल, हे म्हणणे कोणत्या शास्त्रातले? जो देवाचा प्रकाश आहे तो डॉक्टरांच्या बत्तीने विझत नाही. जो विझतो तो देवाचा नव्हता, एवढाच निकाल. अनुभव खरा की खोटा हे चमकण्यावरून ठरत नाही. त्यानंतर माणसाचा राग किती कमी झाला, दया किती वाढली, यावरून ते ठरते. आणि त्यासाठी डोळा घालवावा लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, देह नाशवंत, मग डोळ्याचे एवढे कौतुक कशाला? अमरावती जिल्ह्यातील माधानचे श्री गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचे उदाहरण लोक देतात. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. तरी ते स्वतःस ज्ञानेश्वर माउलीची कन्या मानून थोर ग्रंथकार झाले, लोक त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणू लागले. गोष्ट खरी आहे. परंतु तिचा अर्थ असा की, दृष्टी गेलेल्याला देव दूर नाही. असलेली दृष्टी आळसाने घालवावी, असा तिचा अर्थ होत नाही. महाराजांना ग्रंथ दुसऱ्यांच्या डोळ्यांनी वाचून घ्यावे लागले, दुसऱ्यांच्या हातांनी लिहून घ्यावे लागले. ज्यांनी वाचून दाखविले त्यांच्या डोळ्यांचे मोल महाराजांनाच अधिक ठाऊक असणार. डोळा आपल्या मालकीचा नाही म्हणता ना? मग तो परक्याची ठेव आहे. आणि ठेव अधिकच जपायची असते.

तिसरा आक्षेप नानांचा, सेवा कशी सोडावी? त्यावर मी पुष्कळ विचार केला. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम खरा. पण वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देता येते, हाही त्याच नेमाचा भाग आहे. पहारा बदलतो म्हणूनच नाम अखंड राहते. नानांनी वीणा शेजाऱ्याच्या गळ्यात घालून त्याच दिवशी दवाखाना गाठला असता तर सप्ताहही अखंड राहिला असता आणि डोळाही. हे त्यांना सांगणे माझे काम होते.

आता, केव्हा जावे? मी वैद्य नाही, परंतु विचारून घेतले ते सांगतो. नवी चमक, एकदम उडू लागलेले पुष्कळ काळे ठिपके, कडेने सरकणारा पडदा, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. लहान दवाखान्यात गेलात तर पडद्याचे तज्ज्ञ कोठे मिळतील ते तेथेच विचारावे. एका डोळ्याला एकाएकी दिसेनासे झाले, दुखत नसले तरी, क्षणाचाही उशीर करू नये. दोन-चार मिनिटे अंधारून पुन्हा दिसू लागले तर 'गेले एकदाचे' म्हणून समाधान मानू नये. तो पुढच्या पक्षाघाताचा निरोप असू शकतो. बरोबर तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. डोळा लाल, असह्य ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी आणि ओकारी, हे काचबिंदूचे जोराचे रूप असते, त्यालाही लगेच गाठावे. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी लागली, घास चावताना जबडा दुखू लागला आणि दृष्टी मंदावली, तर तेही त्याच दिवशी सांगावे.

आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट. उसाचे पान डोळ्याला लागले की लोक मध घालतात, दूध घालतात, नाहीतर घरातली जुनी बाटली काढून थेंब सोडतात. पानाच्या जखमेत बुरशी धरते, आणि काही थेंबांनी ती आणखी फोफावते. मग बुबुळावर फूल पडते ते कायमचे. पान लागले, डोळा लाल झाला, की काही न घालता दाखवावे. मधुमेह असेल तर डोळ्याची कुरकुर नसतानाही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा, कारण तो रोग बराच काळ मुकाट्याने काम करतो.

सगळीच दिसणी भयंकर नसतात, हेही सांगितले पाहिजे. अर्धशिशी असलेल्यांना डोके दुखण्यापूर्वी वीस-तीस मिनिटे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात आणि जातात. दृष्टी मंद झालेल्या वृद्धांना कधी माणसे, पक्षी, वेलबुट्टी दिसते. १७६० साली स्वित्झर्लंडच्या चार्ल्स बॉनेट यांनी आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांची अशीच हकीकत लिहून ठेवली. आजोबांचे डोके शाबूत होते, समोर खरे कोणी नाही हेही त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे अशा आजीला कोणी देवाचा संचार म्हणते, कोणी बाहेरची बाधा म्हणते, आणि आजी बिचारी वेड लागले म्हणतील या भीतीने गप्प बसते. तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि धीर द्यावा. पण पहिल्यांदाच असे काही घडले तर ते साधे की भयंकर, हे ठरविण्याचे काम आपले नव्हे.

एक सोपी रीत मी आता पाळतो. दोन डोळे जोडीने काम करतात, म्हणून एकाचे उणे दुसरा झाकतो, घरातला थोरला भाऊ धाकट्याची चूक झाकतो तसा. म्हणून अधूनमधून एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने दाराची चौकट पाहावी, मग पहिल्याने. चौकट वाकडी दिसली, एखादा कोपरा नाहीसा झाला, तर लगेच दाखवावे. दवाखान्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, काही तास धूसर दिसते, म्हणून सोबतीला माणूस न्यावा, स्वतः मोटारसायकल चालवू नये.

तर मग चिंता करावी की करू नये? चिंता आणि काळजी यांत मी आता भेद करतो. चिंता रात्रभर कूस बदलते आणि सकाळी कोठेही जात नाही. काळजी उठते, चपला घालते आणि दाखवून येते. दाखवून आल्यावर जे उरेल ते देवावर सोपवावे. त्याआधीच सोपविले तर ती शरणागती नसते, आपले काम देवाच्या अंगावर ढकलणे असते.

आणि शेवटचे, आम्हा बोलणाऱ्यांसाठी. माणूस डोळ्यातले दुखणे आधी डॉक्टरांना सांगत नाही, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगतो. बुवाला सांगतो, सुनेला सांगतो, दिंडीतल्या सोबत्याला सांगतो. ऐकणाऱ्याने त्या वेळी मोठेपणा मिरवू नये. "केव्हापासून? कोणत्या डोळ्याला?" एवढे विचारावे आणि म्हणावे, "चला, मी येतो बरोबर." एवढे मी त्या पहाटे म्हणालो असतो तर पुरे होते.

नाना आजही पहाऱ्याला उभे राहतात. मागच्या सप्ताहात मी त्यांची क्षमा मागितली. ते हसले. "बुवा, एक डोळा पांडुरंगाला पुरतो," म्हणाले. मग थोडे थांबून हळूच म्हणाले, "पण दुसऱ्या कोणाला चमकलं, तर त्याची वीणा तुम्ही घ्या."

राम कृष्ण हरि.