८६४०० लिहायचं कोणी?

एका नव्या सहकाऱ्याने माझ्या कोडमधलं २४ * ६० * ६० खोडून तिथे ८६४०० लिहिलं. प्रोग्रॅम जलद चालावा म्हणून. आम्ही दोन्हींची असेंब्ली, म्हणजे यंत्रासाठी तयार झालेल्या सूचना, शेजारी ठेवून पाहिली. एकाही सूचनेचा फरक नव्हता. तो गुणाकार कंपायलरने भाषांतर करतानाच उरकला होता. मी तो मांडून ठेवते ते उद्या कोड वाचणाऱ्या माणसासाठी, आकडा कुठून आला हे त्याला कळावं म्हणून.

वेग जाईल या धास्तीने लहान फंक्शनं लिहायलाही कचरू नये. फंक्शन कॉल म्हणजे मूल्यं ठरल्या जागी ठेवायची, परतीचा पत्ता नोंदवायचा, उडी घ्यायची, माघारी यायचं. दोन ओळींच्या कामाला ही ये-जाच महाग पडते. म्हणून कंपायलर कॉल काढून फंक्शनचा मजकूरच तिथे उतरवतो. हे इनलायनिंग. त्याचं खरं फळ पुढेच आहे. दिवसांचे सेकंद काढणाऱ्या फंक्शनला ७ दिला असेल, तर मजकूर उतरताच तो ७ आतल्या आकड्यांना भेटतो आणि सगळ्याचे मिळून ६०४८०० होतात. फंक्शनही उरत नाही, गुणाकारही नाही. (मोठी फंक्शनं अशी जागोजागी उतरवली तर प्रोग्रॅम फुगतो, म्हणून तिथे कंपायलर हात आखडता घेतो.)

वेगाची ही काळजी जुनी आहे. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम ७०४ साठी फोरट्रानचा कंपायलर दिला. हाती लिहिलेल्या कोडच्या तोडीचा वेग नसेल तर ही भाषा कोणी वापरणार नाही, ही त्यांची धास्ती होती. पुढे फ्रान्सिस ॲलन आणि जॉन कॉक यांनी कोड जलद करणाऱ्या अशा सुधारणांची सूचीच मांडली. ॲलन २००६ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या मानकरी; तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री.

मला मात्र कंपायलरच्या संयमाचं मोल अधिक वाटतं. फ्लोटिंग पॉइंटमध्ये १ वर वीस शून्यं असलेल्या संख्येतून तीच संख्या वजा करून १ मिळवला तर उत्तर १ येतं. तोच १ आधी त्या ऋण संख्येत मिळवला तर तो गिळला जातो आणि उत्तर येतं ०. म्हणून आपण मुभा दिल्याशिवाय जीसीसी हा कंपायलर अशा बेरजेचे कंस हलवत नाही. एखाद्या चलात ०.० मिळवलेलं असेल तर तेही पुसत नाही, कारण त्या चलात उणे शून्य असेल तर बेरीज अधिक शून्य व्हायला हवी.