हसें कोणाचें?

विनोद निरुपद्रवी असतो, असा समज आपल्या रसिकवर्गांत रूढ आहे. परंतु समाजास लाज कशाची वाटते, हें तो कशास हसतो यावरून जितकें कळतें, तितकें त्याच्या धर्मग्रंथांवरून कळत नाहीं.

रवी जाधव यांचा 2013 सालचा 'बालक-पालक' हा चित्रपट घ्या. चाळींतील एका अविवाहित मुलीस दिवस जातात. तिनें 'शेण खाल्लें', एवढेंच वडीलधारीं माणसें बोलतात. आणि या शब्दांचा अर्थ शोधूं लागलेल्या मुलांच्या धांदलीवर सारा विनोद उभा आहे. तो निर्मळ आहे, हें मी आनंदानें मान्य करतों. तो त्या मुलीस हसत नाहीं, वडिलांच्या मौनास हसतो. तथापि ती चाळ सोडून जाते आणि कथा मुलांच्या मागें जाते. पोटच्या मुलाचें पुढें काय, हा प्रश्न त्या हास्याच्या कक्षेंत येत नाहीं.

2007 सालच्या 'जुनो' या अमेरिकन विनोदपटांत तो येतो. सोळा वर्षांची नायिका आपलें मूल दत्तक देण्याचें ठरविते. आणि प्रारंभीं जिच्या टापटिपीची थट्टा होते, तीच दत्तक घेणारी स्त्री अखेर खरी आई ठरते. हें धैर्य परकें मानण्याचें कारण नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत 1874 सालीं दत्तक घेतला, तो याच महाराष्ट्रांत.

आमच्या खानदेशांत मात्र प्रकार निराळाच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें, 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकीं अठराव्या वर्षापूर्वीं लग्न झालेल्यांचें प्रमाण धुळें जिल्ह्यांत शेकडा सुमारें 40 व जळगांव जिल्ह्यांत सुमारें 28 होतें. अशा सोळा-सतरा वर्षांच्या सुनेस दिवस गेले तर शेणाचें नांव कोणी काढीत नाहीं. ओटी भरली जाते, झोपाळा फुलांनीं सजतो, डोहाळेजेवणाच्या पंगती उठतात. वय तेंच, देह तोच, अर्धवट सुटलेली शाळाही तीच. फरक गळ्यांतील काळ्या मण्यांचा. म्हणजे आपली लाज त्या पोरीच्या वयाविषयीं कधीं नव्हतीच!

अहिराणींतील विनोदी चित्रफिती आतां येथें घरोघरीं पाहिल्या जातात. मी पाहिल्या त्यांत सासू-सुनेची, हुंड्याची, रुसलेल्या जांवयाची थट्टा भरपूर आहे, आणि कांहीं ठिकाणीं ती फार मार्मिक आहे. नवरीचें वय त्यांत कोणी विचारलेलें मला आढळलें नाहीं.