अगदी साधे हो!

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये पत्ता सांगताना माणसाचं नाव शेवटी येतं. आधी सडक कितवी, मग क्वार्टर कितवं. कारखान्यानं वसवलेल्या गावाची ही रीतच आहे. क्वार्टरच्या आकारावरून आत राहणाऱ्याचा हुद्दा कळतो आणि फाटक किती वाजता वाजतं त्यावरून त्याची पाळी. मुलांच्या शाळा त्याच, भाजीचा बाजार तोच, आणि दुखणं निघालं की सेक्टर 9 चं इस्पितळ. अशा गावात कुणी अचानक भेटलं असं फारसं घडत नाही. सगळे सगळ्यांना भेटतच असतात.

तरी नागपूर-अमरावतीकडचे पाहुणे आले, मैत्रीबाग बघून झाली, की संध्याकाळच्या चहाला एक प्रश्न हमखास यायचा. तुमच्या भिलाईत मोठं कोण आहे हो? मग घरातलं कुणीतरी यादी काढायचं. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई इथल्याच, स्टील प्लांटच्या नोकरीत होत्या. सिनेमावाले अनुराग बसू जन्मले ते भिलाईत. ऑफस्पिनर राजेश चौहान आपला भिलाईकर. तो ज्या 21 कसोट्या खेळला त्यांतली एकही भारत हरला नाही, हे पुरुषमंडळींपैकी कुणी ना कुणी जोडायचंच, आणि त्यापाठोपाठ 1997 साली कराचीत सकलेनला मारलेला षटकार. पाहुणे डोळे मोठे करायचे. पाहिलंय तुम्ही यांना? पाहिलंय की, दिसतं कुणी ना कुणी. अगदी साधे हो!

हे ‘अगदी साधे हो’ मला आताशा टोचतं. मोठ्या माणसाची गाठ पडल्याच्या जितक्या गोष्टी आपण ऐकतो आणि सांगतो, त्या सगळ्या या तीन शब्दांवर येऊन थांबतात. गोष्टीचा साचाही ठरलेला. रेल्वेचा डबा, नाहीतर डॉक्टरांकडची बाकडी, नाहीतर किराणा दुकान. शेजारी कुणीतरी बसलंय. आधी ओळख पटत नाही, मग पटते. धीर करून बोललं जातं. ते आपलं नाव विचारतात, गाव विचारतात, एखाद्या वेळी डब्यातली पोळी-भाजीही खातात. संपली गोष्ट. पुढची चाळीस वर्षं ती लग्नाकार्यात सांगितली जाते. आणि समजा त्या दिवशी त्या माणसाची दाढ दुखत होती, तो दोन शब्दांपलीकडे बोलला नाही, तर निकाल तेवढाच झटपट लागतो: फार शिष्ट आहेत. तिसरा निकाल या कोर्टात नाही.

भेट कुणाचीही असो, खटला चालतो तो आपला. तो मोठा माणूस आपल्या पातळीवर उतरला याचा दाखला आपल्याला हवा असतो. पूर्वी तो सहीच्या वहीत मिळायचा, आता फोनमध्ये मिळतो. फोनमधल्या फोटोत निदान एक प्रामाणिकपणा आहे, की आपला चेहरा त्यात पुढे असतो आणि त्यांचा मागे. तोंडी गोष्टीत हे झाकून राहतं.

मराठीत तर या गोष्टींचं एक अख्खं कपाट आहे. अमक्यांच्या सहवासात, तमक्यांच्या आठवणी; दिवाळी अंकांची पानंच्या पानं यावर भरतात. त्यातलं चांगलं ते खरोखरच चांगलं आहे. पु. ल. देशपांड्यांचं ‘गुण गाईन आवडी’ टिकलं ते एका भेटीच्या शिदोरीवर नव्हे. ज्याच्यावर लिहायचं त्याच्या गाण्यात, लेखनात, कामात पु. ल. मुरलेले होते म्हणून. पण त्याच घरातून 1990 साली सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि वाचकांतले कितीतरी दुखावले. सगळा महाराष्ट्र ज्यांना दिवाणखान्यात भेटला होता, त्यांच्याविषयी स्वयंपाकघरातून कुणी बोललं होतं. दुखावलेल्यांपैकी बहुतेकांचा देशपांडे कुटुंबाशी काडीचा संबंध नव्हता. त्यांच्या मनातली एक तसबीर हलली, आणि त्या तसबिरीत त्यांनी स्वतःलाही बसवून घेतलं होतं.

भिलाईला थोरामोठ्यांच्या दर्शनाची सवय तशी जन्मापासून. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत सोव्हिएत नेते ख्रुश्चेव त्यांच्या देशाच्या मदतीनं उभा राहिलेला कारखाना पाहायला आले. नेहरूही येऊन गेले. त्या आठवणी सांगणाऱ्या माणसांनी हात हलताना पाहिला, गाडीची काच पाहिली. त्याला भेट म्हणायचं तर म्हणावं.

खरा प्रश्न पडतो तो रोज दिसणाऱ्यांच्या बाबतीत. तीजनबाईंना ‘साध्या’ म्हणताना आपण नेमकं काय पाहिलेलं असतं? लुगडं, चांदीचे दागिने, पान, आणि शाळा न शिकलेल्या बाईची मोकळी छत्तीसगढी. याच सेक्टरातल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या बायकोनं तसंच सुती लुगडं नेसलं असतं तर तिच्या अभिरुचीचं कौतुक झालं असतं. म्हणजे शब्द एक आणि कामं दोन. श्रीमंताला साधा म्हटलं की त्याला मिरवता आलं असतं पण तो मिरवला नाही, असा अर्थ होतो. पारधी समाजातल्या बाईला साधी म्हटलं की ती अजून तिच्या जागेवरच आहे, असा अर्थ होतो, आणि ऐकणाऱ्याला त्यानं बरं वाटतं.

पण ती जागेवर राहिली असती तर तिचं नावच कुणी ऐकलं नसतं. गनियारी गावच्या या मुलीनं आजोबा ब्रजलाल यांच्या तोंडून महाभारत ऐकलं आणि तेराव्या वर्षी चंद्रखुरीला पहिल्यांदा दहा रुपयांवर गायली. बायकांनी पंडवानी गायची तर बसून, वेदमती ढंगानं, अशी चाल होती. उभं राहून, हातवारे करून, सोंग आणून गायची ती कापालिक शैली पुरुषांची. तीजनबाई उभ्या राहिल्या. जातीनं बाहेर काढलं, तेव्हा वेगळी झोपडी बांधून राहिल्या आणि गात राहिल्या. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. पुढे नाटकवाले हबीब तन्वीर यांच्या नजरेत त्यांचं गाणं भरलं. 1987 मध्ये पद्मश्री, 2003 मध्ये पद्मभूषण, 2019 मध्ये पद्मविभूषण. या आयुष्यात साधं काय आहे? दु:शासनाचा वध सांगताना त्यांचा आवाज ज्यानं एकदा ऐकला, त्याला भयंकर, रांगडं, अवघड असे शब्द सुचायला हवेत. बाजारात दिसलेल्या बाईविषयी आपण बोलतो, कारण मंचावरच्या बाईविषयी बोलायला महाभारत ऐकत रात्रभर बसावं लागतं.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं, म्हणून जास्त अवघड. भिलाईहून दुर्ग ओलांडून पुढे गेलं की राजनांदगाव लागतं, नागपूरकडे जाणाऱ्या गाडीतून तासाभराच्या आत. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 साली गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले. घरची भाषा मराठी, धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीतला नावाजलेला कवी आणि समीक्षक. गजाननराव मात्र हिंदीत लिहायचे. ओळखणाऱ्यांच्या आठवणींत काय येतं? बिडी, चहा, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा, तळ्याकाठचं घर. आणि शेवटी, अगदी साधे हो.

साधे कसले, गरीब होते. नोकऱ्या धरत आणि सोडत आलेला माणूस, मुलंबाळं, डोक्यावर देणी. मुलांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली. तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला. 1964 च्या सुरुवातीला पक्षाघात झाला. भोपाळ, मग दिल्ली, आणि 11 सप्टेंबरला शेवट. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला कवितासंग्रह निघाला तो त्यांच्यामागे. म्हणजे राजनांदगावात सहा वर्षं ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ‘प्रसिद्ध’ माणूस पाहिला. बाकीच्यांनी कॉलेजातले एक सर पाहिले. गाठ पडल्याची गोष्ट मागाहून, वर्तमानपत्रातलं नाव वाचून, शिवून घेतलेली आहे. आणि शिवताना गरिबीच्या जागी साधेपणाचं ठिगळ लावलं, म्हणजे मग कुणालाच उत्तर द्यायला नको: कॉलेजला नको, सरकारला नको, गावालाही नको.

त्या गावात एक भेट मात्र वेगळी झाली. राजनांदगावचाच एक तरुण, विनोदकुमार शुक्ल, आपल्या कविता घेऊन मुक्तिबोधांकडे गेला. त्यांनी त्या वाचल्या आणि छापायला धाडल्या. शुक्लांना पुढे 2024 चा ज्ञानपीठ मिळाला. त्या दिवशी त्या खोलीत प्रसिद्ध असं कुणीच नव्हतं. मधे वह्या होत्या, त्यामुळे साधेपणा तपासायला कुणाला सवड नसावी.

आणि याच मुक्तिबोधांची ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता. कल्पना करा, प्रतिष्ठितांची अचानक गाठ पडण्याची याहून भयाण गोष्ट कोणती असेल. मध्यरात्री गावातून एक मिरवणूक निघते. निवेदक ती बघतो आणि हळूहळू चेहरे ओळखीचे निघतात. दिवसा ज्यांची नावं छापून येतात ते पत्रकार, कवी, विद्वान, उद्योगपती, सेनाधिकारी, आणि त्यांच्याच रांगेत शहरातला कुप्रसिद्ध खुनी डोमाजी उस्ताद. सगळे एका पावलानं चाललेले. इथे ‘पाहिलंय मी त्यांना’ ही मिरवायची गोष्ट उरत नाही. त्यानं पाहिलं हे मिरवणुकीला कळतं, आणि पाहणाऱ्याला आता सोडून चालणार नाही असं ठरतं. आपल्या सगळ्या सुखद गोष्टींत मोठा माणूस झगा उतरवून साधा होऊन भेटतो. मुक्तिबोधांच्या कवितेत तो झगा उतरतो तेव्हा आत साधेपणा नसतो. ही कविता लिहिली जात होती त्याच सुमाराला चाळीसेक किलोमीटरवर भिलाईत पाहुण्यांसाठी हार-तुरे तयार होत होते. असले योगायोग मी एरवी फार ताणत नाही, पण हा मनातून जात नाही.

त्याचं कारण शंकर गुहा नियोगी. जलपाईगुडीकडून आलेला हा तरुण भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये कामगार होता. नोकरी गेली, मग गावोगाव फिरत पडेल ते काम केलं आणि 1977 पासून दल्ली राजहराच्या खाणकामगारांची संघटना बांधली. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज जायचं ते याच खाणींतून. कामगारांच्या पैशांतून शहीद हॉस्पिटल उभं राहिलं, दारूबंदीची चळवळ झाली. पुढे त्यांनी भिलाईतल्या खासगी कारखान्यांतल्या कामगारांचा लढा हाती घेतला. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतल्याच एका घरात झोपेत असताना खिडकीतून गोळ्या घालून त्यांचा खून झाला. गोळ्या घालणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये जन्मठेप दिली. कटाचा आरोप असलेले उद्योगपती निर्दोष सुटले.

त्यांच्यावरही आता आठवणींचे लेख निघतात, आणि सुती सदरा, साधी राहणी हे शब्द त्यांत येतातच. असा साधा माणूस कुणाला इतका नकोसा का व्हावा, हा प्रश्न त्या लेखांना पडत नाही, कारण साधेपणा हा काही खुनाचा हेतू होत नाही. हेतू दिसायला त्यांची मागणीपत्रं वाचावी लागतील: कायम नोकरी, जगता येईल एवढा पगार, संघटना करण्याचा हक्क.

सेक्टर 10 मधल्या आमच्या त्या यादीत नियोगींचं नाव कधी आलं नाही. मुक्तिबोधांचं आलं असेल तर ‘आपले मराठी माणूस’ एवढ्यापुरतं. यादी तीजनबाईंपासून सुरू व्हायची आणि कराचीच्या षटकारावर संपायची. तोवर चहा निवायचा आणि सडकेवरून सायकली-स्कूटरींचा लोंढा परतायला लागायचा. हेल्मेटं हँडलला अडकवलेली, कुणाच्या पिशवीत भाजी. पाहुणा फाटकापाशी उभा राहून विचारायचा, एवढे सगळे कोण हो हे? घरातलं कुणीतरी वळूनही न बघता सांगायचं, कुणी नाही, जनरल शिफ्ट सुटली.