चेहरा तिचा, फोटो कोणाचा?

पनवेलमधला एक छोटा स्टुडिओ. मावशी आणि भाचा उद्याच्या शूटचं सामान लावत आहेत. जवळच्या गावातली एक मुलगी बी.कॉम. झाली, घरातली पहिली पदवीधर. वडिलांनी वडाळे तलावाच्या काठावर गाऊनमधले फोटो ठरवले आहेत. मुलगी मात्र कॅमेरा दिसला की मान फिरवते.

भाचा : मावशी, मी मोठी लेन्स लावून लांब उभा राहतो. तू तिला बोलण्यात गुंतव. तिला कळायच्या आत फोटो निघतील, आणि तेच सगळ्यांत चांगले येतील.

मावशी : येतील चांगले. पण आपलं रूप आपल्या हातातून सुटतंय, हीच तर तिची भीती आहे. तीच आपण खरी करून दाखवायची?

भाचा : लग्नात आपण हेच करतो की.

मावशी : लग्नात कॅमेरा फिरतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि गर्दीत लपता येतं. इथे ती एकटी आहे.

भाचा : मग प्रत्येक फोटो तिला तिथेच दाखवू. नको तो खोडू.

मावशी : त्यात दुसरी अडचण आहे. १९७७ साली अमेरिकेत मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी उलटी. जास्त जणींना स्वतःची उलटी प्रत आवडली. त्यांच्या मैत्रिणींना सरळ आवडली. आपण आपल्याला आरशातच बघतो रे. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि आपलाच चेहरा परका वाटतो. त्यात सेल्फी हातभर अंतरावरून काढलेला, म्हणून नाक मोठं दिसतं. या मुलीनं स्वतःला पाहिलंय ते असं, नाहीतर आधार कार्डावर. तिथल्या तिथे खोडायला दिलं, तर तिच्या आईला जन्मभर आवडेल असा फोटो सगळ्यांत आधी जाईल.

भाचा : म्हणजे तिच्या चेहऱ्याबद्दल तिचंच मत कच्चं, आणि निकालही तिचाच?

मावशी : हो, तिचाच. मत कच्चं असलं म्हणून हक्क जात नाही. पण घाई टाळता येते. तिला आधीच विचारायचं, ‘मी एक-दोन-तीन म्हणणार नाही, बोलता बोलता क्लिक करीन, चालेल का?’ ती हो म्हणाली, तर न सांगता काढायची परवानगीही तिनंच दिलेली असेल. थांब म्हणाली की कॅमेरा खाली. स्क्रीन तिथे दाखवायची नाही. आठ दिवसांनी आईला घेऊन ती इथे बसेल, आणि नको ते तिच्यासमोर खोडू.

भाचा : आणि तिथे ती आखडली तर?

मावशी : नुसतं उभं करायचंच नाही. लाजणाऱ्या माणसाचे आधी हात आखडतात, मग खांदे, शेवटी चेहरा. टोपीचा गोंडा तिला सारखा करू दे, गाऊनची पिन आई लावील, काठानं दोघी चालतील. सुरुवातीला तर कॅमेरा तिच्याच हातात देऊ, तिनं माझे फोटो काढावेत. मीही अवघडते, ते तिला दिसू दे. सकाळी लवकर जाऊ, संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी नको. आणि ‘हस की गं’ असं उद्या कोणी म्हणायचं नाही.

भाचा : न हसलेला पदवीचा फोटो?

मावशी : आनंदीबाई जोशींचा बघ, पदवीच्या काही महिने आधीचा. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, आणि कॅमेऱ्यासाठी कोणी हसलेलं नाही. तरी त्या फोटोवरून नजर हलत नाही.

भाचा : तोच फोटो मला उलटं सांगतो. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या, बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी नको म्हटलं असतं, तर केवढं हरवलं असतं! फोटो फक्त त्यातल्या माणसाचा नसतो, मावशी. ज्यानं या मुलीला शिकवलं त्या बापाचाही असतो.

मावशी : खरं आहे. आणि हे तिला सांगायलाच हवं. बाबांना हा फोटो का हवाय, ते बाबांनीच तिला सांगू दे, शूटच्या आधी, घरी. एवढं मन मोकळं केलं, तर ते तिच्यापर्यंत पोचेल. पण ती त्यांची इच्छा झाली. त्यानं तिच्या चेहऱ्यावर त्यांचा हक्क लागत नाही, माझा तर नाहीच.

भाचा : आणि तरी नको म्हणाली तर?

मावशी : मग पाठमोरा काढू, गाऊनमधली ती आणि शेजारी बाबा. तोही नको असेल, तर अ‍ॅडव्हान्स परत. बाबांना वाईट वाटेल, आणि त्यांचं वाईट वाटणं रास्त असेल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

भाचा : त्यांनी भिंतीवरची मोठी फ्रेमही सांगून ठेवलीय.

मावशी : फ्रेमवाल्याला आत्ताच फोन करून थांबव. ती काय निवडते ते बघू, मग माप देऊ.