माळी आणि मालक

मनाला बागेची उपमा देण्याची रीत जुनी आहे. सद्गुण ही फुले, दुर्गुण हे तण आणि आपण त्या बागेचे दक्ष स्वामी, असे चित्र रंगविणे सोपे असते आणि सुखावहही असते. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील बागेचे दृष्टान्त मात्र हे सुख आपल्याला लाभू देत नाहीत. एदेनची बाग आदामाच्या स्वाधीन झाली ती मशागतीसाठी आणि राखणीसाठी. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त स्वतःला द्राक्षवेल म्हणवितो, पित्याला माळी म्हणतो आणि शिष्यांच्या वाट्याला केवळ फांद्यांचे स्थान ठेवतो. मालकी मनुष्याची नाही. मग जी बाग आपली नाही आणि जिची वाढही आपल्या हाती नाही, तिच्यासाठी घाम गाळावा तो का?

प्रथम आपल्या हाती काय आहे ते पाहू. जमीन खणणे, आळे करणे, खतपाणी घालणे आणि खुरपणे, एवढेच. बी रुजते ते मातीच्या अंधारात, माळ्याचा डोळा चुकवून. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने लावणी आपल्याकडे, पाणी घालणे अपुल्लोसाकडे आणि वाढ देवाकडे, अशी कामाची वाटणीच करून ठेवली आहे. प्रार्थना, मनन, उपवास, शेजाऱ्याची सेवा ही सारी मशागत होय. प्रार्थनेने प्रेम निर्माण होत नाही; प्रेम रुजावे इतकी जमीन भुसभुशीत होते.

खुरपणीचे काम तर कधी संपतच नाही. लव्हाळ्याशी ज्याने झुंज दिली आहे, त्याला ठाऊक असते की, वरची पाती कापून काही साधत नाही. जमिनीत त्याच्या गाठी असतात आणि एखादी राहून गेली तरी तीतून पुन्हा कोंब येतो. अहंकाराची जात हीच. मनुष्य मोठ्या निश्चयाने क्रोध उपटतो आणि ‘मी क्रोध जिंकला’ या समाधानाच्या गाठीतून अहंकार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून मालकीचा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जो स्वतःला मालक समजतो, तो फळ आले तर फुगतो आणि न आले तर खचतो; दोन्ही प्रकारांत साधना बिघडतेच.

वाढ देवाची म्हटली की आळसाला निमित्त मिळते, हा आक्षेप खोटा नाही. कृपा व्हायची तेव्हा होईल, असे म्हणून स्वस्थ बसणारे भाविक प्रत्येक पंथात आहेत. लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या दृष्टान्तात याला उत्तर आहे. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडून टाकण्यास मालक सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो; पण मागताना, भोवती खणीन आणि खत घालीन, असे सांगतो. दयेची याचना आणि कुदळ यांची तेथे फारकत नाही. वर्ष सरल्यावर त्या झाडाला फळ आले की नाही, हे ख्रिस्ताने सांगितलेलेच नाही.

नाशिककडील द्राक्षबागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना छाटणीचा दृष्टान्त अधिक उमगेल. तेथे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीत मांडवावरचा वेल जवळजवळ बोडका करतात. तिच्यानंतर लगेच घड धरायचे नसतात. नव्या काड्या फुटाव्यात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची घडण आतल्या आत व्हावी, यासाठी ती असते. घड दिसतात ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. श्रद्धावंताच्या आयुष्यातही असे उघडेबोडके महिने येतात आणि त्या काळी आत काही घडत असेल, असा विश्वास ठेवावा लागतो. मात्र दुसऱ्याच्या दुःखाला छाटणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कात्री आपल्या हाती दिलेली नसते.

या विचाराचे एक उदाहरण बंगालमधील श्रीरामपूरचे आहे आणि मराठी वाचकाला ते परके वाटू नये. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथेच छापले गेले. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या कुंभ्याला वनस्पतिशास्त्रात ‘कॅरीया’ हे नाव मिळाले तेही त्यांच्यावरूनच. ते १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. कृष्ण पाल हा पहिला बंगाली मनुष्य त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेण्यास १८०० चा डिसेंबर उजाडला. अंजिराच्या झाडाला तीन वर्षे मिळाली होती, यांना सात लागली. श्रीरामपुरात त्यांनी मोठ्या कष्टाने बाग उभी केली. १८२३ च्या पुराने ती उद्ध्वस्त केली, तेव्हा साठी उलटलेल्या या गृहस्थाने ती पुन्हा लावली. मृत्युशय्येवर असताना मात्र, आपल्यामागे सहकारी मार्शमन बागेत गाई सोडतील, अशी चिंता त्यांनी बोलून दाखविली, असे सांगतात. हे वाचून हसू येते आणि बरेही वाटते. मालकीची गाठ इतक्या मोठ्या माळ्याच्या जमिनीतही राहून गेली होती. तरी तिने त्यांची कुदळ थांबविली नाही.

बदलीच्या नोकरीत हा प्रश्न रोजच्या व्यवहारात भेटतो. सरकारी घरापुढे हंगामी फुले लावावीत की आंब्याचे कलम? फुले आपल्याला दिसतील, आंबा पुढचा रहिवासी खाईल. आत्मिक जीवनातील पुष्कळसे काम आंब्याच्या जातीचे आहे. आपल्या अंगी सहनशीलता आलीच, तर तिचा गोडवा आपल्यापेक्षा घरच्यांना आणि कचेरीतील हाताखालच्या माणसांना अधिक कळतो. फळ मुळी दुसऱ्यांसाठीच असेल, तर मालकी गेल्याचे दुःख कशाला?

पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीयेने ख्रिस्ताला पाहिले, तेव्हा तो बागेचा माळी असावा असे तिला वाटले. तिची ती चूक होती असे टीकाकार म्हणतात. तथापि, तिने ज्याला माळी समजले, त्यानेच पुढे तिला नावाने हाक मारली, हेही तितकेच खरे आहे.