वाकायचं कुणी?

काही माणसांची अक्कल गुडघ्यात असते असं आपण म्हणतो. त्यामुळे माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शाखेतल्या सहकाऱ्यांनी "आता विचार करायला त्रास होत असेल नाही?" अशी आस्थेने चौकशी केली. त्रास झाला खरा, पण विचारही पुष्कळ झाला.

कारण अगदीच साधं. रत्नागिरीचा पाऊस, जांभ्याच्या पायऱ्या आणि त्यावरचं शेवाळ. या तिघांचं एकमत झालं आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. डॉक्टरांनी माझ्याच मांडीच्या मागची एक शीर काढून माझ्याच गुडघ्यात बसवली. बँकेच्या भाषेत ही निव्वळ ट्रान्सफर एंट्री. एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात जमा, रोखीचा व्यवहार नाही. (रोखीचा व्यवहार डिस्चार्जच्या दिवशी झाला.) मी कॉमर्सचा पदवीधर. यंत्रावर दरसाल घसारा मांडायचा हे मला शिकवलं होतं, पण गुडघ्यावर किती टक्के मांडायचा हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

काही महिन्यांनी चालणं सुधारलं. पण मोटारसायकलवर बसलो की गुडघा एका ठराविक कोनापर्यंत वाकायचा आणि तिथून पुढे संपावर जायचा. माझ्या गाडीचा पहिला गिअर खाली, बाकीचे वर. म्हणजे पाय मागे दुमडून, बोटं लिव्हरखाली सारून, उचलायचा. बाजारातून मारुती मंदिराकडे चढताना हे किती वेळा करावं लागतं ते रत्नागिरीकरांना सांगायला नको.

सौ.नी सरळ उपाय सांगितला. "अहो, बिनगिअरची स्कूटर घ्या. दोन्ही ब्रेक हातात. पाय नुसते ठेवायचे." उपाय बिनतोड होता, म्हणूनच मला आवडला नाही. मोटारसायकलचं चाक मोठं, खड्ड्यात कमी आपटतं, असा मुद्दा मी मांडला. तो खोटा नव्हता, पण पूर्ण खराही नव्हता. वीस वर्षं ज्या गाडीवर आपण आपले आपण कुठेही गेलो, ती विकणं म्हणजे गुडघ्याबरोबर आणखी काहीतरी कापून देणं, असं वाटत होतं.

आता खरा प्रश्न उभा राहिला. माणूस आणि यंत्र यांचं जमत नसेल तर वाकायचं कुणी? व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "गुडघा वाकवा." आमचा मेस्त्री म्हणाला, "पाय वाकत नाय ना साहेब? मग गाडी वाकवू."

पुराणात दोन्ही पक्षांना आधार आहे. मथुरेत कृष्णाने कुब्जेच्या पायांवर पाय दाबला, हनुवटी धरून तिला वर उचललं आणि सरळ केलं. आमच्या व्यायामाच्या बाई याच संप्रदायातल्या. उलट अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा, पण तसाच जनकाच्या दरबारात गेला आणि भल्याभल्यांना हरवणाऱ्या बंदीला त्याने वादात हरवलं. पुढे समंगा नदीत स्नान करून त्याचं अंग सरळ झालं, असं महाभारत सांगतं. पण ते वाद जिंकून झाल्यावर. म्हणजे वाकडेपण हा प्रवेशाला अडथळा नव्हता.

तुम्ही म्हणाल, गाडीची मूळ रचना बदलणं बरं का? मीही मेस्त्रीला हेच विचारलं. पण मूळ म्हणजे कुठलं? जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात होता आणि ब्रेक डाव्या. अमेरिकेने १९७४ साली नियम लागू केला, की गिअर डावीकडे आणि पायाचा ब्रेक उजवीकडेच हवा. मग उजव्या पायात गिअर देणाऱ्या कारखान्यांनी पायांची अदलाबदल केली. आपल्याकडची बुलेट मात्र उजव्या पायाला २००० सालानंतरही काही वर्षं चिकटून होती. जुन्या बुलेटवर मुरलेले गृहस्थ नव्या गाडीवर बसले, की गिअर टाकायला जायचे आणि ब्रेक लागायचा. त्यांना कुणी अपंग म्हटलं नाही. "सवय होईल" म्हटलं. जी जागा आपण देवाने नेमलेली समजतो, ती एखाद्या कमिटीने एखाद्या साली ठरवलेली असते. कमिटीसमोर कुणाचे तरी गुडघे असतात. माझे नव्हते, एवढंच.

जयपूरला १९६८ साली रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 'जयपूर फूट' तयार केला, त्यामागेही हीच गोष्ट होती. परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय चांगलेच होते, पण ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी. आपला माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, अनवाणी चिखलात उतरतो. त्याला सवयी बदलायला सांगण्याऐवजी या दोघांनी पाय बदलला.

कायद्यालाही हे उमगायला वेळ लागला. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या गाडीची व्याख्या होती, ती खास रचलेली आणि बांधलेली हवी, नुसती जुळवून घेतलेली नको. २०१९च्या दुरुस्तीने ती व्याख्या गेली आणि रीतसर मंजुरीने जुळवून घेतलेल्या गाडीलाही मान मिळाला. नवरा-बायकोच्या नात्यात 'जुळवून घेणं' फार पूर्वीपासून मान्य आहे. वाहनांना एकतीस वर्षं थांबावं लागलं.

माझा बदल इतका किरकोळ, की आर. सी. बुकातली एक ओळही हलली नाही. गिअरचा लिव्हर दातेरी दांड्यावर बसलेला असतो. मेस्त्रीने बोल्ट सैल केला, लिव्हर बाहेर ओढला आणि एक दाता खाली बसवला. मग टाचेने दाबायचा मागचा तुकडा जोडला. आता वरचे गिअर बोटांनी उचलायचे नाहीत, टाचेने दाबायचे. उचलून पुढे पाठवण्यापेक्षा दाबून ठेवणं सोपं, हे कुठल्याही कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला पटेल. पाय ठेवायची दांडी दोन बोटं पुढे आली आणि गुडघ्याने संप मागे घेतला.

उत्साहाच्या भरात मी म्हटलं, "ब्रेकचंही काही करू या का?" मेस्त्रीने पाना खाली ठेवला. "गिअर चुकला तर तुमची गाडी आचके देईल. ब्रेक चुकला तर पुढं जाणाऱ्याचं काय?"

मला वाटतं, सगळा नीतिविचार या दोन वाक्यांत आला. गिअर माझा, ब्रेक जगाचा. गिअर हा मी आणि इंजिन यांच्यातला घरगुती मामला आहे. तिथे जगाने माझ्या गुडघ्यापुढे वाकावं, हा माझा हक्क. पण थांबता येणं हे दुसऱ्याचं देणं आहे, आणि तिथे माझा अभिमान वाकला पाहिजे. म्हणून डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर आधी रिकाम्या मैदानात गेलो. अचानक थांबता येतं का आणि थांबल्यावर डावा पाय गाडी तोलतो का, एवढंच तपासलं. नाही म्हणून उत्तर आलं असतं, तर सौ.ची स्कूटर घ्यायची, हे जाण्यापूर्वीच ठरवलं होतं. उत्तर हो आलं. सौ. मैदानाच्या कडेला उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद आणि स्कूटर हुकल्याचं दुःख, दोन्ही दिसलं.

एक अनपेक्षित फायदाही झाला. माझी गाडी आता कुणी उसनी नेत नाही. एकदा नेणाऱ्याने कोपऱ्यावरूनच परत आणून दिली. पण यातच दुसरी बाजू आहे. एकाच्या मापाची वस्तू दुसऱ्याच्या मापाची राहत नाही. गाडी माझी एकट्याची, ती चालेल. बँकेचा काउंटर मात्र सगळ्यांचा. तिथे पेन्शनच्या आजी चवड्यांवर उभ्या राहून काचेच्या भोकाशी तोंड नेतात, आणि "मोठ्याने बोला" असं आम्हीच त्यांना सांगतो. इतकी वर्षं मला वाटायचं, आजी बुटक्या आहेत. काउंटर उंच आहे हे गुडघा गेल्यावर दिसलं. एक काउंटर खाली घ्यावा असा अर्ज मी दिला आहे. तो सध्या दाबलेल्या अवस्थेत आहे.

मेस्त्रीने बिल दिलं, त्यावर 'गाडी रिपेर' असं लिहिलं होतं. माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. रिपेर म्हणजे बिघडलेलं पूर्ववत करणं. तो महसुली खर्च. सुधारणा केली तर भांडवली.

"पण मेस्त्री, गाडी कुठे बिघडली होती?"

"मग काय लिवू? पाय रिपेर?"

"पायही अजून तसाच आहे."

त्याने थोडा विचार केला, 'गाडी' शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'जमवून दिलं.' हा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.