ठेव हरवली, मग विश्वासाचे काय?

दुसऱ्याची ठेव आपल्या हातून हरवली, तर हरवते ती नुसती वस्तू, की तिच्याबरोबर दिलेला विश्वासही? प्रश्न जुनाच आहे. या खेपेस तो आम्ही सातासमुद्रापलीकडच्या एका अंगठीच्या निमित्ताने वाचक माउलींपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत घट्ट धरायचा आणि आडव्या येणाऱ्या धिप्पाड गड्यांना चुकवीत पुढे पळायचे, असा तो दांडगा प्रकार. शिकागोच्या बेअर्स संघाचा वॉल्टर पेटन हा त्यातला फार मोठा गडी. १९७५ ते १९८७ अशी तेरा वर्षे तो खेळला, आणि त्यात त्याचा सामना चुकला तो अवघा एक. वारी चुकू न देणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. चेंडू घेऊन पळत त्याने तोडलेली एकूण वाट भरली १६,७२६ यार्ड, म्हणजे सुमारे साडेनऊ मैल. आपला माळकरी म्हणेल, हात्तिच्या, एवढं तर आम्ही दुपारच्या विसाव्याआधी चालतो! खरं आहे. पण आपल्या वाटेवर पाय धरणारे भेटतात ते पाया पडायला. त्याच्या वाटेवर भेटत ते पाडायला.

२६ जानेवारी १९८६ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याच्या संघाने न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाला ४६-१० असे हरवून अजिंक्यपद मिळवले. अशा विजयाची खूण म्हणून तिकडे खेळाडूंना हिरेजडित अंगठी देतात. ती पेटनलाही मिळाली. गंमत अशी की त्या ४६ गुणांत त्याचा स्वतःचा एकही नव्हता, आणि प्रशिक्षक माइक डिट्का यांना पुढे त्याची हळहळ लागून राहिली.

खेळ सोडल्यावर पेटन शिकागोजवळच्या हॉफमन इस्टेट्स येथील शाळेत मुलांच्या बास्केटबॉल संघाला शिकवायला जाई. विश्वास म्हणजे काय हे मुलांना कळावे, म्हणून १९९६ साली त्याने ती अंगठी एका मुलाच्या हाती दिली, सांभाळ म्हणून. मुलाकडे असतानाच ती नाहीशी झाली.

व्यवहारी माणूस म्हणेल, पोराच्या हाती एवढी मोलाची वस्तू द्यावी कशाला? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. वस्तू द्यायची, आणि ती गेली की पोराच्या जन्माला डाग लावायचा, असे असेल तर तो विश्वास नव्हे, सापळा झाला. पण तारण ठेवून घेणाऱ्या सावकाराला विश्वासाची गरजच पडत नाही. गमावण्याची तयारी ज्याने आधी मनाशी केली, त्यालाच तो टाकता येतो. सप्ताहात वीणेचा पहारा बदलतो तेव्हा काय होते ते आठवा. वीणा भुईला टेकत नाही, या गळ्यातून त्या गळ्यात जाते. घेणारा परवाचा पोरगा असला तरी त्याच्या पाया पडतात. त्याच्याकडे कोणी जामीन मागत नाही. त्याच्या हातून चूक होणारच नाही म्हणून नव्हे. पहारा पुढे चालायचा, तर वीणा कोणाच्या तरी गळ्यात घालावीच लागते.

उलट जनाबाईचे काय झाले? देवाचे पदक तिच्या घरी मिळाले, आणि तिला सुळापर्यंत नेले. सुळाचे पाणी झाले इथे आपण कीर्तनात टाळ्या पिटतो. पण रोज देवापुढे दिसणाऱ्या जनीवरचा विश्वास पंढरीच्या लोकांनी एका घटकेत काढून कसा घेतला, तिकडे आपले लक्ष जात नाही. जाईल कसे? घरातली कुडी दिसेनाशी झाली की आपली नजरही आधी धुणंभांडी करणाऱ्या बाईकडे वळते. उशीखाली आपण मागाहून पाहतो.

१ नोव्हेंबर १९९९ रोजी पेटन यकृताच्या विकारापायी आलेल्या कर्करोगाने वारला. अंगठी सापडली ती २००१ साली. त्या मुलाच्या घरचा जुना कोच पर्ड्यू विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या खोलीवर गेला होता. त्याच कोचाच्या आत ती होती. पाच वर्षे माणसे तिच्यावर बसत उठत होती. पेटनच्या हयातीत ती मिळाली असती तर 'विश्वास फळाला आला' म्हणून आपण मोकळे झालो असतो. तेवढी सोय देवाने ठेवली नाही. आणि अंगठी सापडली म्हणून मुलगा त्या दिवशी निर्दोष झाला, असेही नाही. कोचात ती पहिल्या दिवसापासूनच होती. विद्यार्थ्याने ती ठेवून घेतली नाही. पेटनची पत्नी कॉनी हिच्या हाती ती पोचती झाली.